उंबरठ्यावरची ओळ

यंदा पावसाळ्यापूर्वी माळा आवरताना जुन्या वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा हाती आला. सोडून पाहिला, तर तपकिरी पुठ्ठ्याच्या पाकिटांतल्या त्रेचाळीस सीडी. पुठ्ठ्याला दमट वास लागला होता. पण काळी शाई जिथल्या तिथे होती. प्रत्येक पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात कागद सोलला गेल्याची एक आयताकृती खूण होती. ती खूण कशाची हे आम्हां दोघांनाही ठाऊक असल्यामुळे काही वेळ कोणीच काही बोलले नाही. एखादी सीडी लावून ऐकावी म्हटले, तर घरात ती लावायला यंत्र उरलेले नव्हते.

२००८ साली अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आमचे दोन टेबलांचे कामाचे ठिकाण होते. आमच्यापैकी एकाचा ओढा अक्षरांकडे, दुसरीचा चित्रांकडे. पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांच्या जाहिराती, क्वचित एखाद्या नाट्यसंस्थेचे फलक, अशी कामे येत. त्या वर्षी श्रावणात एक तरुण गिटारच्या काळ्या खोळीसह जिना चढून आला. त्याने मराठीत स्वतः नऊ गाणी लिहिली होती, स्वतःच चाली लावल्या होत्या आणि स्वतःच्याच खोलीत ती ध्वनिमुद्रित केली होती. गिटार आणि आवाज, एवढेच. तबला नाही, संवादिनी नाही, मागे व्हायोलिनांचा ताफा नाही. मुद्रण रात्री दोननंतर केलेले, कारण त्याआधी रस्ता थांबत नसे. आणि पंखा बंद ठेवून, कारण पंख्याची घरघर माइकला पहिल्यांदा ऐकू येई. गाणी ऐकताना तारेवरून सरकणाऱ्या बोटांचा सूक्ष्म चरचराट ऐकू येत होता. सातव्या गाण्याच्या शेवटी दूरवर एक स्कूटर सुरू होते. ती त्याने काढून टाकली नव्हती.

त्याला पाकीट हवे होते आणि पाचशे प्रती. पैसे शिकवण्या करून साठवलेले. नमुना म्हणून त्याने निक ड्रेक या इंग्रज गायकाची ‘पिंक मून’ ही सीडी आणली होती. ‘असंच करा असं नाही, पण हे ऐकून मग करा,’ एवढेच तो म्हणाला. ड्रेककडे आम्ही पुढे येऊ. त्या वेळी आम्ही ती सीडी घाईने ऐकली आणि मुखपृष्ठाकडे मात्र नीट पाहिले. आमच्या धंद्यातला हा नेहमीचाच उलटा क्रम.

ज्या संगीताला कप्पा नाही त्याचे वेष्टन कसे करायचे, हा पहिला पेच. भावगीतांच्या कॅसेटींनी आपल्याकडे एक चित्रभाषा पक्की केली होती: लंबगोलात गायकाचा चेहरा, मागे चंद्र किंवा वेल, खाली वळणदार अक्षरांत नाव. गिटार म्हटले की दुसरी चित्रभाषा पुढे येई: काळी पार्श्वभूमी, विस्कटलेले केस, जळकी अक्षरे. दोन्ही या गाण्यांबद्दल खोटे बोलत होत्या. मग आम्ही तिसरी युक्ती काढली आणि तिच्यावर आठवडाभर खूश राहिलो. नावाची शिरोरेखा म्हणजे गिटारची तार! देवनागरी अक्षरे तारेला लटकलेली, तार शेवटी किंचित थरथरणारी. आम्ही ती मोठ्या कौतुकाने त्याच्यापुढे ठेवली. त्याने बराच वेळ पाहिले आणि अगदी नम्रपणे म्हटले, ‘दादा, वाळत घातल्यासारखी वाटतात.’ त्यानंतर आम्हांलाही त्या अक्षरांत धुणेच दिसू लागले. देवनागरी आणि तंतुवाद्य एकत्र आले की शंभरातल्या नव्वद जणांना जे पहिल्या दिवशी सुचते तेच आम्हांला सुचले होते, हे मान्य करायला आणखी दोन दिवस लागले.

ध्वनिमुद्रिकेला मुखपृष्ठ असते ही कल्पनाच तशी अलीकडची. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या साध्या कागदी पाकिटांत विकल्या जात. अनेक तबकड्या एकत्र बांधलेला संच छायाचित्रांच्या वहीसारखा दिसे, म्हणून तो ‘आल्बम’. कोलंबिया कंपनीने १९३०च्या दशकाच्या अखेरीस अलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराला नोकरीवर घेतले, आणि थोड्याच काळात त्याने त्या कोऱ्या पुठ्ठ्यांवर प्रत्येक संगीतासाठी स्वतंत्र चित्र काढण्याची प्रथा पाडली. पुढे लाँग प्लेचे एक फूट बाजूचे पाकीट म्हणजे चित्रकारांना मिळालेली भिंतच ठरली. सीडी आली आणि त्या भिंतीची खिडकी झाली. तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर. पाकीट फार तर साडेबारा. त्यात नाव, चित्र, गाण्यांची यादी, आभार. स्टाइनवाइसने जे तपकिरी-करडे कोरेपण मोडले, तिकडेच आम्ही सत्तर वर्षांनी परत निघालो होतो आणि त्याला नवेपणा म्हणत होतो.

तपकिरी पुठ्ठ्यावर एका काळ्या शाईने छापायचे असे शेवटी ठरले. कारण अर्धे सौंदर्याचे, अर्धे पैशाचे. पाचशे प्रतींसाठी चार रंगांच्या प्लेटा काढणे परवडणारे नव्हते. लग्नपत्रिका स्क्रीन प्रिंटिंगने छापणारे एक गृहस्थ शनिवारात होते; चातुर्मासात त्यांना काम कमी असे. त्यांनी मजकूर हातात घेतल्या घेतल्या विचारले, ‘श्री कुठे घ्यायची?’ श्री नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की गाण्यांच्या यादीच्या वर एक बारीक फुली काढून आम्ही त्यांचे आणि स्वतःचे समाधान केले. पहिल्या पन्नास प्रतींची घडी फुटली. पुठ्ठा कापताना तंतूंची दिशा, ज्याला छापखान्यात ग्रेन म्हणतात, ती आम्ही पाहिली नव्हती. घडी तंतूंना आडवी पडली की पुठ्ठा तडकतो आणि शाई कण्यावर भेगाळते. पुठ्ठा पुन्हा आणला, फिरवून कापला, आधी क्रीझिंग करून मग घडी घातली. चित्र म्हणाल तर एक खिडकी, तिच्या कट्ट्यावर एक पाणी प्यायचे भांडे. भांडे का, हे तेव्हाही सांगता आले नसते. अक्षरे आम्ही बोरूने काढली आणि थोडी वेडीवाकडी राहू दिली.

ते पाकीट आजही आम्हांला आवडते. त्याच्या बाबतीत आम्ही काही चुकलो असे वाटत नाही. (दुकानदारांच्या मते चुकलो होतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या एकाने, गायकाचा फोटो नाही म्हणून, ते भक्तिगीतांत ठेवले. दुसऱ्याने भांडे पाहून बालगीतांत.) चुकलो ते पुढे, जाहिरातीत.

पहिला कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये, ऐंशी खुर्च्यांच्या एका सभागृहात ठरला. वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात द्यायची होती. मराठी वाचकाला जाहिरातीचे पान वाचायची जी सवय आहे ती नाटकांनी लावलेली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांची जी अक्षरे घडवली, त्यांच्यामुळे शेजारी शेजारी दाटलेल्या चौकटींतही प्रत्येक नाटक आपल्या आवाजात बोलताना ऐकू येई; नाव वाचण्याआधीच प्रहसन की शोकांतिका ते कळे. आमच्याजवळ तेवढी जागा नव्हती आणि तेवढा हातही नव्हता. चौरस सेंटिमीटरच्या दराने मोजून घेतलेल्या आमच्या चौकटीत नाव, तारीख, वेळ, पत्ता बसवल्यावर तळाशी एका ओळीची जागा उरली. मजकूर संध्याकाळी सातपर्यंत पोहोचवायचा होता. ती रिकामी ओळ आम्हांला पैसे वाया गेल्यासारखी दिसू लागली.

पुठ्ठा दुसऱ्यांदा कापत असताना, चहा पिता पिता, त्याने आम्हांला एक गोष्ट सांगितली होती. त्याचे वडील एस.टी.त होते, आगारात. आदल्या वर्षी गेले. तिसऱ्या गाण्यात शेवटची गाडी येते ती त्यांची. एवढेच, त्यावर तो पुढे बोलला नव्हता आणि आम्हीही विचारले नव्हते. त्या संध्याकाळी पावणेसात वाजता आम्ही त्याला फोन केला. लागला नाही. पुन्हा केला. मग तळाच्या ओळीत आम्ही लिहिले: वडील गेल्यानंतरच्या वर्षात लिहिलेली नऊ गाणी.

ओळ चांगली होती, हेच तिचे वाईट. तिच्यात विशेषण नव्हते, उद्गारचिन्ह नव्हते. कोणताही जाहिरातवाला ती पाहून मान डोलावील. सभागृहात ऐंशी खुर्च्यांना एकशे वीस माणसे आली. तिसरे गाणे सुरू झाले आणि लोक स्तब्ध झाले, ते ठीकच होते. पण पाचवे गाणे गळक्या नळाबद्दल आहे. भाड्याच्या खोलीतला नळ, त्याची टपटप, घरमालकाशी चाललेली तक्रार. त्यात तीन जागा खळखळून हसण्याच्या आहेत. त्या तिन्ही जागी सभागृह गंभीर राहिले. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. नळ हे आता अश्रूंचे प्रतीक झाले होते! गाणाऱ्याने एकदा मान वर करून पाहिले, मग पुन्हा तारांकडे पाहू लागला. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. त्या रात्री एकशे दहा प्रती गेल्या.

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ साली ‘स्यय’, म्हणजे ‘उंबरठे’, नावाचे पुस्तक लिहिले. मुख्य संहितेभोवती जे जे असते, शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठ, लेखकाच्या मुलाखती, प्रकाशकाची जाहिरात, त्या सगळ्याला त्यांनी ‘पॅराटेक्स्ट’ म्हटले आणि वाचक या उंबरठ्यांवरूनच संहितेत शिरतो हे तपशिलाने दाखवले. पुस्तकाच्या अंगावरचे ते एक, अंगाबाहेरचे ते दुसरे, असाही भेद त्यांनी केला. विद्यार्थ्यांना हे सारे परीक्षेपुरते माहीत असते. आम्हांला ते त्या पाचव्या गाण्याच्या वेळी कळले. मराठीत मलपृष्ठावरच्या मजकुराला ‘पाठराखण’ म्हणतात. फार चांगला शब्द आहे. पण पाठराखीण नवरीच्या सोबत जाते, तिच्या आधी सासरी जाऊन तिच्याबद्दल बोलत सुटत नाही.

जे कळले ते आम्ही लगेच मानले असते तर पुढचे लिहावे लागले नसते. कार्यक्रमानंतर आठवडाभर त्याचा निरोप नव्हता. तो मुळातच कमी बोलणारा, आमच्याहून वयाने लहान, आम्हांला ताई-दादा म्हणणारा. त्याच्या गप्प राहण्याला आम्ही संमती मानले. प्रती विकल्या जात होत्या. म्हणून त्याच ओळीची एक पांढरी चिकटपट्टी छापून आणली आणि उरलेल्या प्रतींच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लावली. जेनेत यांच्या भाषेत, अंगाबाहेरचे होते ते अंगावर आणले. शंभरेक प्रती दुकानांत गेल्या. बाकीच्या न्यायला तो आला तेव्हा त्याने एक उचलली, कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि विचारले, ‘दादा, ही पट्टी काढता येईल का?’

मग, आम्ही विचारल्यावर, हळूहळू सांगितले. नऊपैकी पाच गाणी वडील असतानाची होती. नळाचे तर त्यांनीच सुचवलेले. ते ऐकून ते मोठ्याने हसत. जाहिरात आईने सकाळी वर्तमानपत्रात वाचली, तिला आधी काहीच ठाऊक नव्हते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘ह्यांचं नाव नाही आलं पेपरात, गेल्याचं तेवढं आलं.’

आम्ही त्या रात्री पट्ट्या काढायला बसलो. गुळगुळीत, लॅमिनेशन केलेल्या कागदावरून चिकटपट्टी सहज निघते. कोऱ्या पुठ्ठ्यावरून ती निघत नाही. गोंद तंतूंत उतरलेला असतो, आणि पट्टी ओढली की पुठ्ठ्याचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो. केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा देऊन पाहिली, काही ठिकाणी साधले, बहुतेक ठिकाणी नाही. दोन रात्रींत जवळजवळ दोनशे प्रती सोलल्या. सोलल्यावर तिथला रंग पुठ्ठ्याहून फिका दिसतो. दुकानांत गेलेल्या प्रती परत मागवल्या नाहीत. मागवायला हव्या होत्या. त्याने एका शब्दाने दोष दिला नाही, त्यामुळे आमच्याकडे बचावालाही जागा राहिली नाही.

ड्रेकची सीडी आम्ही नीट ऐकली ती यानंतर. अठ्ठावीस मिनिटे, एक गिटार, एक आवाज, फक्त शीर्षकगीतात पियानोचे काही स्वर. ऑक्टोबर १९७१मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत दोन रात्रींत केलेले हे मुद्रण १९७२ साली आयलंड कंपनीने प्रकाशित केले. मुखपृष्ठावर मायकेल ट्रेव्हिथिक यांचे अतिवास्तववादी चित्र आहे. गायकाचा उदास चेहरा छापून तो विकण्याचा मोह निदान मुखपृष्ठापुरता टळला. ड्रेक मुलाखती देत नसे, मैफलीही जवळजवळ सोडलेल्या. अशा माणसाची जाहिरात करायची तरी कशी? कंपनीच्या प्रसिद्धी विभागातील डेव्हिड सँडिसन यांनी तेव्हा जे केले त्याची आम्हांला अजून असूया वाटते. त्यांनी जाहिरातीत सरळ सांगून टाकले, की याच्या आधीच्या दोन्ही ध्वनिमुद्रिका मुळीच खपल्या नाहीत, तरी आम्ही त्या काढत राहणार आहोत, कारण कधी तरी कोणी तरी थांबून नीट ऐकेल. ड्रेकच्या मनात काय चालले आहे, याबद्दल दावा नाही. जे सांगितले ते कंपनीने स्वतःबद्दल, स्वतःच्या विश्वासाबद्दल. जाहिरातीचा उपयोग झाला नाही. हीही ध्वनिमुद्रिका खपली नाही.

नोव्हेंबर १९७४मध्ये ड्रेक गेला, सव्विसाव्या वर्षी, आणि मग उंबरठा आपोआप तयार झाला. १९७९ साली ‘फ्रूट ट्री’ नावाने त्याच्या ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला तेव्हा त्यात शिरणारा जवळजवळ प्रत्येक श्रोता त्या मृत्यूवरूनच आत येत होता. गाण्यांत जिथे थट्टा आहे, जिथे नुसता चंद्र आहे, तिथेही लोकांना शेवटच ऐकू येऊ लागला. १९९९ साली फोक्सवॅगनने आपल्या मोटारीच्या अमेरिकेतल्या जाहिरातीत ‘पिंक मून’ हे गाणे वापरले. रात्रीचा रस्ता, उघड्या टपाच्या गाडीत चार तरुण. एका मेजवानीच्या दारापर्यंत जातात आणि आत न शिरता परत फिरतात. त्यानंतर त्या ध्वनिमुद्रिकेची विक्री कैक पटींनी वाढली. अनेक रसिकांना हा विटाळ वाटला. आम्हांला तसे वाटत नाही. ती जाहिरात मोटार विकत होती हे खरे. पण तिने ड्रेक कोण होता, कसा गेला, याबद्दल चकार शब्द काढला नाही. पंचवीस वर्षांनी प्रथमच हजारो लोकांनी ते गाणे चरित्राशिवाय ऐकले. मोटारवाल्यांनी पाळलेले मौन आम्हां कलावाल्यांना पाळता आले नव्हते, हे लिहिताना आजही बरे वाटत नाही.

अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते आणि त्या क्षेत्रातले मानसन्मानही त्यांना मिळाले; गाणीही त्यांनी लिहिली होती. त्यांच्या कवितासंग्रहांचे रूप पाहिले की वेष्टनाबद्दल किती विचार केलेला आहे ते जाणवते, आणि स्वतःबद्दल वाचकाला किती कमी सांगितलेले आहे, तेही. ज्याला शब्द विकण्याची कला अवगत आहे त्याने ती आपल्या कवितेसाठी इतकी आवरून धरावी, यात विद्यार्थ्यांनी एखादा निबंध लिहावा इतके काही आहे. आम्हांला मात्र त्याची आठवण दोनशे प्रती सोलल्यावर झाली.

तो आता नाशकात गिटार शिकवतो. माळ्यावर गठ्ठा सापडला त्याच सुमारास त्याचा फोन आला, हा योगायोग. ती नऊ गाणी त्याला इंटरनेटवर ठेवायची आहेत. त्यासाठी मुखपृष्ठाची तीन हजार पिक्सेल बाजूची चौरस प्रतिमा लागते. स्क्रीनचा मूळ पॉझिटिव्ह केव्हाच हरवला आहे. आमच्याकडच्या त्रेचाळीसही प्रतींना कोपऱ्यात खूण. संगणकावर ती पुसता येते, पाच मिनिटांचे काम आहे. ते आम्ही केले नाही. त्याच्याजवळ प्रत नव्हती. ‘आईकडे एक आहे, अगदी पहिल्या लॉटमधली,’ तो म्हणाला. ‘तुम्ही पुण्यातच आहात तर जाऊन याल?’ प्रतिमेखाली ‘गाण्यांविषयी थोडक्यात’ असा एक रकाना भरायचा असतो. तो कोण भरणार, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘नको काही. तारीख टाका फक्त.’

काकूंनी चहा केला. पाकीट त्यांनी कपाटातून, साड्यांच्या घडीतून काढून दिले. कोपरा स्वच्छ होता, कण्यावर भेग नव्हती. आत सीडीच्या मागे वर्तमानपत्राचे एक कात्रण होते, पिवळे पडलेले: आमची चौकट. तळाच्या ओळीत ‘वडील’ या शब्दाच्या वर निळ्या बॉलपेनने, जागा नसल्यामुळे अगदी बारीक अक्षरांत, त्यांनी नाव लिहिले होते. पूर्ण नाव, आडनावासकट. आम्ही ते वाचले आणि त्यांनी आम्हांला वाचताना पाहिले. मुखपृष्ठ तेवढे स्कॅन करून दुसऱ्या दिवशी प्रत परत नेऊन दिली. कात्रण होते तसेच घडी करून सीडीच्या मागे ठेवले होते.